भरूचच्या अलीकडे

आडनाव विचारलं तर म्हणाली, सखाराम.
मी म्हटलं, ते वडिलांचं नाव झालं, आडनाव सांग.
वडील गिरधर, आडनाव सखाराम.
आत्याही सखाराम, चुलतेही सखाराम.
जो माणूस रत्नागिरीकडून जहाजात चढला
त्याला तिकडच्या बंदरावर कारकुनाने विचारलं, नाव?
त्याने सांगितलं तेवढंच वहीत गेलं.
गावाचा रकाना येईपर्यंत
शाई वाळली असावी.

मी एकतीस वर्षं भूमापनात नकाशे काढले.
रकाना रिकामा राहिला म्हटलं की मला चैन पडत नाही.
भाड्याचं बोलायचं त्या दिवशी राहूनच गेलं.

दांडिया बाजारातली आमची वरची खोली,
खाली झेरॉक्स, समोर सेव-उसळीची गाडी,
आणि वर आता मॉरिशसची निर्वाणी सखाराम,
तबल्याच्या दुसऱ्या वर्षाला.

देश केवढा गं तुझा?
तिने हात पसरले, मग लाजून जवळ आणले.
मी पट्टी घेतली. बडोद्यापासून निघालो तर
भरूचच्या अलीकडेच तुझा देश संपतो,
पुढे समुद्र.
एवढ्यात कसं मावतं सगळं, मी विचारलं,
डोंगर, पार्लमेंट, विमानतळ, पाच-सहा भाषा?
ती म्हणाली, दाटीवाटीने.
आणि मधोमध एक विझलेला ज्वालामुखी,
त्याच्या काठावर लोक सकाळी फिरायला जातात,
तुमच्या कमाटीबागेत जातात तसे.

मी म्हणायचो, बारी लाव, डास येतात.
बारी म्हणजे?
खिडकी. गुजरातीतून आली, राहिली.
ती म्हणायची, वायच थांबा, दादरावर दिवा नाही.
हा 'वायच' तिच्या पणजोबाच्या गाठोड्यातला,
दीडशे वर्षं घडी न मोडता ठेवलेला.
दादर मात्र दोघांचाही निघाला.
पुण्याहून माझा मावसभाऊ आला तो
आमच्या दोघांच्या मराठीला हसला.
ती क्रिओलमध्ये काहीतरी पुटपुटली.
अर्थ विचारला तर म्हणाली,
मराठीत बसत नाही, काका.

ऑगस्टात विश्वामित्री चढली.
पोलोग्राउंडकडून फोन, फाटकाशी मगर बसलीय.
मी काठी शोधत होतो, कशासाठी कोण जाणे.
ती न सांगता बादल्या भरायला लागली,
मेणबत्त्या, तांदूळ वरच्या फळीवर,
तबला दोन चादरींत, बाळासारखा.
आमच्याकडे मगरी नाहीत, म्हणाली,
वादळं असतात. त्यांना नावं देतात,
आणि आई त्या त्या नावानं शिव्या देते.
रात्रभर ती पाणी मोजत बसली,
पायरीगणिक एक बोल म्हणत.
पाणी सातव्या पायरीवर थांबलं.
सम कुठे आली ते मला कळलं नाही, तिला कळलं.

एकदा विचारलं, इथून समुद्र कुठल्या बाजूला?
मी नैर्ऋत्येला बोट केलं, खंभातचं आखात.
पण तो समुद्र, मुली, गढूळ आहे,
भरती उलटली की मैलभर चिखल.
ती तरी त्या बाजूला बघत राहिली,
जिथे खरं तर जोशींची पाण्याची टाकी आहे.

जाताना तिने एक दगड दिला. काळा, भोकाभोकांचा.
उसाच्या शेतातून तिच्या माणसांनी
असे दगड उचलून उचलून ढीग रचले,
अजून उभे आहेत, उसाच्या डोक्यावर,
कोणी बांधले त्याची कुठे पाटी नाही.
मी म्हटलं, हा तर आपल्याकडचा वाटतो, सह्याद्रीतला.
मग आठवलं, माझ्या आपल्याकडे दगडच नाही.
बडोद्यात कितीही खणा, माती.
माझा पणजोबा इथे आला कुठल्या गावाहून,
घरात आता एकालाही सांगता येत नाही.

तो दगड सध्या लाइटबिलांवर असतो.
परवा बँकेतून नवीन फॉर्म आलाय,
मूळ गाव, असा एक रकाना आहे.
पेन उघडंच होतं. झेरॉक्सवाल्याने हाक मारली,
काका, मोटर चालू राहिलीय.
मी दादर उतरलो.